चुन्याचा गिलावा

१८९८ साली बंगळूरु शहरात प्लेगची मोठी साथ आली. त्या सुमारास मल्लेश्वरम, बसवनगुडी या मोकळ्या वसाहती वाढीस लागल्या. तेथील जुन्या घरांच्या विटांच्या भिंतींना बाहेरून चुन्याचा गिलावा केलेला असे. आज अशी घरे थोडी उरली आहेत; उरलेल्यांची दुरुस्ती करताना या गिलाव्याचे ज्ञान उपयोगी पडते.

भट्टीत चुनखडी भाजली की तिच्यातील कर्बवायू निघून जातो व चुनकळी तयार होते. चुनकळीत पाणी घातल्यावर ती उष्णता सोडत विरते. विरलेला चुना काही दिवस पाण्याखाली मुरवतात, मग वाळूसह घाणीत मळतात. काही ठिकाणी त्यात विटांची पूड म्हणजे सुरखी, गूळ व हिरड्याचे पाणीही घालत.

गवंडी आधी भिंत झाडून भिजवतो. नंतर जाड थर देऊन त्यावर पातळ थर चढवतो व शेवटचा थर घोटून गुळगुळीत करतो. प्रत्येक थर सावकाश वाळू द्यावा लागतो, कारण चुना हवेतील कर्बवायू शोषून हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो. घाई केल्यास भेगा पडतात.

चुन्याच्या थरातून भिंतीतील ओल बाहेर पडू शकते. बंगळूरुला नैर्ऋत्य व ईशान्य अशा दोन्ही मोसमी वाऱ्यांचा पाऊस मिळतो, त्यामुळे हा गुण मोलाचा ठरतो. जुन्या भिंतीवर सिमेंटचा कठीण थर दिला तर ओल आत कोंडते, पोपडे सुटतात आणि मऊ विटा झिजतात. बाहेरून घर नवे दिसते, पण भिंत आतून खचू लागते.

थंड देशांत हा धोका अधिक असतो. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्के वाढते, त्यामुळे भिंतीत अडकलेले पाणी गिलावा फोडते. म्हणून तेथे कडक थंडीत चुन्याचा गिलावा करीत नाहीत.

जुने घर टिकवायचे असेल, तर आधी त्याची घडण समजून घ्यावी लागते.

शब्दार्थ
चुनकळी – भाजलेली चुनखडी
पोपडे – भिंतीवरून सुटणारे पातळ पापुद्रे

स्वाध्याय
१. प्रत्येक थर सावकाश का वाळवावा लागतो?
२. जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा अपायकारक का ठरतो?
३. आपल्या परिसरातील एखाद्या जुन्या घराची भिंत पाहून तिचे वर्णन पाच वाक्यांत लिहा.