भर उन्हात इन्व्हर्टर का थांबतो?

प्रश्न : आमच्या गच्चीवर 3 किलोवॅटचे सोलर बसवून वर्ष झाले. उन्हाळ्यात, ऊन सगळ्यात कडक असते तेव्हाच, बारा ते दोनच्या दरम्यान इन्व्हर्टर ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ दाखवून थांबतो आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो. पावसाळ्यात दुपारी काही त्रास नसतो, पण सकाळी ‘आयसोलेशन फॉल्ट’ येतो आणि नऊ-दहापर्यंत निघून जातो. बसवून देणारे म्हणतात, इन्व्हर्टरच बदलावा लागेल. खरेच यंत्र खराब आहे का? आणि लाईट गेली की लख्ख उन्हातही सोलर बंद का पडते?
— एक वाचक, सांगली

उत्तर : इन्व्हर्टर बदलायची घाई करू नका. आतून बिघडलेले यंत्र सहसा ऋतू आणि घड्याळ बघून बंद पडत नाही. तुमचे पडते आहे, आणि तेही दोन वेगवेगळ्या वेळांना दोन वेगवेगळी कारणे सांगून. याचा अर्थ दोष बहुधा त्या पेटीच्या बाहेर आहे, आणि एक नव्हे, दोन आहेत.

कोडचा आकडा पाठ करून फारसे काही हाती लागत नाही. तीच एक गोष्ट, ग्रिडची वीज मिळत नाही ही, ग्रोवॅटचे यंत्र 302 म्हणून सांगते, सनग्रोचे 010 म्हणून आणि फ्रोनियसचे 107 म्हणून. आकड्यापेक्षा तो कधी आला हे पाहा. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक फॉल्टची तारीख आणि वेळ नोंदलेली असते. ती यादी आणि त्या दिवशीचे हवामान शेजारी शेजारी ठेवले, तर निम्मे निदान घरबसल्या होते.

आधी दुपारचे बघू. आपल्याकडे घरगुती विजेचे ठरलेले व्होल्टेज 230. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2013च्या नियमांप्रमाणे, ते 110 टक्क्यांच्या वर, म्हणजे 253 व्होल्टच्या पलीकडे गेले, तर सोलरसारख्या निर्मिती यंत्रणेने दोन सेकंदांच्या आत ग्रिडपासून वेगळे व्हायचे असते. ग्रिड ताळ्यावर आल्यानंतरही किमान 60 सेकंद थांबून, मगच पुन्हा जोडून घ्यायचे. तुमचा इन्व्हर्टर थांबतो आणि थोड्या वेळाने सुरू होतो, तो हा नियम पाळतो म्हणून. त्याला नादुरुस्त ठरवणे म्हणजे राखणदार भुंकला म्हणून त्यालाच हाकलून देणे.

मग दुपारीच व्होल्टेज का चढते? वीज ग्रिडकडे ढकलायची, तर इन्व्हर्टरला आपल्या टोकाशी ग्रिडपेक्षा थोडे जास्त व्होल्टेज उभे करावे लागते. किती जास्त, ते मधल्या वायरच्या रोधावर ठरते. हिशोब करून पाहा. 3 किलोवॅट पूर्ण जोरात चालू असताना सुमारे 13 अँपिअर करंट वाहतो. समजा, इन्व्हर्टर गच्चीच्या जिन्यात आहे, मीटर खाली गेटपाशी, आणि वायरचे अंतर 40 मीटर. जाण्यायेण्याचे मिळून 80 मीटर तांबे झाले. अडीच स्क्वेअरची वायर टाकली असेल, तर तेवढ्यातच साधारण पावणेआठ व्होल्ट चढतात. सहा स्क्वेअरची असेल, तर तीनच्या थोडे वर. आता मीटरपाशी 247 व्होल्ट आहेत असे धरा. बारीक वायरच्या टोकाला बसलेल्या इन्व्हर्टरला ते जवळपास 255 दिसतील आणि तो थांबेल. जाड वायरवरच्या इन्व्हर्टरला 250 दिसतील आणि तो चालत राहील. ऊन तेच, यंत्र तेच, फरक वायरचा. सकाळी करंट कमी असतो म्हणून हा चढही कमी, आणि पावसाळी ढगांत तर तुमचे उत्पादनच कमी. तुमच्या दोन ऋतूंचे कोडे इथे सुटते.

पण मीटरपाशीच 247 कसे? त्याला डीपी जबाबदार असू शकते. संध्याकाळी सगळ्या घरांत दिवे, पंखे, मिक्सर एकदम सुरू झाले की लाइनच्या शेवटच्या घरापर्यंत पुरेसे व्होल्टेज पोहोचावे, म्हणून डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरचा टॅप (बाहेर पडणारे व्होल्टेज ठरवणारी जोडणी) थोडा वरच ठेवलेला असतो. दुपारी मंडळी कामावर, घरे बंद, भार नाही. त्यात आता आळीतल्या चार गच्च्यांवरून वीज उलटी येते. ही सगळी व्यवस्था वीज एकाच दिशेने, वरून खाली जाईल असे धरून उभी राहिलेली आहे. 2024च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळू लागल्यापासून गच्च्या झपाट्याने भरल्या. डीपीचे टॅप मात्र बऱ्याच ठिकाणी होते तिथेच आहेत.

दोष तुमच्या वायरचा की महावितरणचा, हे कळायला वायरमनचीही गरज नाही. भर दुपारी, सोलर जोरात चालू असताना एकाने इन्व्हर्टरच्या पडद्यावरचे एसी व्होल्टेज वाचावे आणि त्याच मिनिटाला दुसऱ्याने मीटरवरचे. बहुतेक डिजिटल मीटरांवर आळीपाळीने आकडे सरकतात, त्यात व्होल्टेजही येते. दोन्हींत सात-आठ व्होल्टचा फरक असेल, तर वायर बारीक आहे किंवा कुठेतरी जोड सैल आहे. हे काम बसवणाऱ्याचे. फरक दोन-तीनच असेल आणि मीटरच 250 दाखवत असेल, तर सोलरची एमसीबी पाडून पुन्हा मीटर बघा. आकडा दणकन उतरला, तर खांबापासून मीटरपर्यंतच्या सर्व्हिस वायरचा किंवा तिच्या जोडाचा संशय घ्यावा. तसाच राहिला, तर गोष्ट डीपीची आहे. या शेवटच्या दोन्ही बाबतीत महावितरणकडे, 1912 वर, तक्रार करा आणि वेळ व आकडे यांचे फोटो जवळ ठेवा. नुसते ‘सोलर बंद पडते’ म्हटले, तर उत्तर येईल की तुमच्या सोलरवाल्याला विचारा. ‘सोलर बंद असताना दुपारी एकला मीटरवर 251’ असे म्हटले, तर हे उत्तर देता येत नाही.

मात्र व्होल्टेज क्षणात 180 आणि क्षणात 270 असे नाचत असेल, काही दिवे एकाएकी फार प्रखर आणि काही मंद होत असतील, तर मोजत बसू नका. न्यूट्रल सैल किंवा तुटलेला असण्याची शक्यता आहे. मेन स्विच बंद करा आणि तातडीने कळवा.

एक सोपा पण वाईट उपाय तुम्हाला सुचवला जाईल : इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये जाऊन मर्यादा 253 वरून 265 किंवा 270 करणे. दोन मिनिटांत कोड गायब होतो आणि सगळे खूश. पण व्होल्टेज गायब होत नाही. ते तुमच्या फ्रिजला, टीव्हीला आणि कदाचित शेजाऱ्यांच्याही वस्तूंना सोसावे लागते. शिवाय नियम मोडतो तो वेगळाच. असे करायला मी तरी परवानगी देणार नाही.

आता पावसाळी सकाळ. रोज सकाळी ग्रिडशी जोडून घेण्यापूर्वी इन्व्हर्टर एक तपासणी करतो : पॅनेलच्या तारा आणि जमीन यांच्यामधला इन्सुलेशनचा रोध पुरेसा आहे ना? रात्रभर पाऊस पडला आहे, पॅनेलमागचे कनेक्टर स्लॅबवर साचलेल्या पाण्यात लोळत आहेत, त्यांतल्या एकाचे रबर नीट बसलेले नाही किंवा दोन वेगळ्या कंपन्यांचे नर-मादी कनेक्टर जबरदस्तीने जोडले आहेत; मग तिथून ओलाव्याची वाट तयार होते आणि रोध घसरतो. उंदराने कुरतडलेली किंवा माकडांनी ओढून पत्र्याच्या धारेवर घासलेली वायरही हेच करते. ऊन चढले, ओल वाळली, रोध वाढला, की कोड जातो. गेला म्हणजे बरा झाला असे मात्र नाही. भेग तिथेच आहे, आणि ओल असेल तेव्हा पॅनेलच्या चौकटीत करंट उतरू शकतो. दुपारच्या कोडाने युनिटे बुडतात. हा अंगावर येऊ शकतो. म्हणून तुमच्या दोन तक्रारींत मला ही जास्त महत्त्वाची वाटते, जरी ती आपोआप ‘बरी’ होत असली तरी.

इथे स्वतः हात घालू नका. 540 वॅटची सहा पॅनेल मालिकेत जोडली, तर सुमारे 300 व्होल्ट डीसी तयार असते, आणि इन्व्हर्टर बंद केला तरी उजेड आहे तोवर ते पॅनेलकडच्या तारांत राहते. घरातला एसी करंट सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, त्यामुळे त्याची ठिणगी विझायला वाव असतो. डीसीचा करंट शून्यावर येतच नाही. चालू कनेक्टर ओढला, तर ज्योत धरून राहते. बसवणाऱ्याला कोरड्या दुपारी नव्हे, पावसानंतरच्या ओल्या सकाळी बोलवा आणि मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र, घेऊन यायला सांगा. दुपारी सगळे कोरडे असताना मोजले, तर सगळेच उत्तम निघेल. दुरुस्ती बहुधा किरकोळ असते : कनेक्टर बदलणे आणि वायर स्लॅबवरून उचलून रेलला बांधणे. अर्थिंगची वायर सोडवून कोड घालवण्याची युक्ती कोणी केली, तर त्याला पुन्हा गच्चीवर चढू देऊ नका. तुमचे सोलर ‘पीएम सूर्य घर’मधून बसवलेले असेल, तर 5 वर्षांची देखभाल बसवणाऱ्यावरच बंधनकारक आहे, या फेरीचे पैसे देण्याचा प्रश्न येत नाही.

राहिला तिसरा प्रश्न. लाईट गेल्यावर सोलर बंद होते ते मुद्दाम. वीज नाही म्हणून लाइनमन खांबावर चढलेला असताना तुमच्या गच्चीवरून लाइनमध्ये वीज जाऊ लागली, तर त्याच्या जिवाशी खेळ होईल. म्हणून ग्रिड गेले हे ओळखून स्वतःला तोडून घेणे ग्रिडशी जोडलेल्या प्रत्येक इन्व्हर्टरला सक्तीचे आहे. लाईट गेल्यावरही घर चालू हवे असेल, तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो; तो आधी घराला लाइनपासून वेगळे करतो आणि मगच घराला वीज देतो. मात्र खर्च बराच वाढतो. सांगलीत तुमच्या भागात लाईट दिवसाकाठी अर्धा-पाऊण तासच जात असेल, तर त्यापेक्षा दिवे-पंख्यांपुरता बॅटरीचा साधा घरगुती इन्व्हर्टर स्वस्तात पडेल. तो बसवताना सोलरची जोडणी त्याच्या आउटपुटवर येणार नाही, एवढे वायरमनकडून आधी नक्की करून घ्या.