जांघेतली गाठ लपवू नका

बरगड्या संपल्या की खाली कमरेच्या हाडापर्यंत पोटाच्या पुढच्या बाजूला हाड नाही. आतडी जागेवर धरून ठेवतात ते फक्त स्नायू. मधोमध दोन उभे पट्टे असतात. दोन्ही कुशींना एकावर एक असे तीन थर असतात. वरच्या थराचे धागे पँटच्या खिशात हात घालताना बोटे जातात तसे तिरपे खाली उतरतात, मधल्याचे उलट दिशेने जातात आणि सर्वांत आतल्याचे आडवे. बाजेच्या विणीसारखी ही रचना आहे, म्हणूनच ती ताण सोसते.

मात्र जांघेत या विणीला एक वाट आहे. कमरेच्या पुढच्या टोकदार हाडापासून जननेंद्रियावरच्या हाडापर्यंत एक बंध जातो. त्याच्या लगेच वर साधारण 4 सेंटिमीटर लांबीचा तिरपा बोगदा असतो. मुलगा आईच्या पोटात असताना त्याचे वृषण मूत्रपिंडाजवळ तयार होतात आणि याच वाटेने अंडकोषात उतरतात. ही वाट नीट बुजली नाही किंवा वयाबरोबर भिंत सैल पडली, तर आतडे त्यातून बाहेर डोकावते. हाच हर्निया, म्हणजे अंतर्गळ. दर चार पुरुषांपैकी साधारण एकाला आयुष्यात कधीतरी तो होतो. बायकांनाही होतो. त्यांच्यात बंधाच्या खालून येणारा प्रकार पुरुषांपेक्षा जास्त आढळतो आणि तो लवकर अडकतो.

जुना खोकला, शौचाला कुंथणे, लघवीला जोर करावा लागणे, जड ओझे उचलणे यांनी पोटातला दाब वाढतो. उभे राहून खोकल्यावर जांघेत फुगवटा येतो आणि आडवे झाल्यावर आत जातो, ही त्याची ओळख.

वस्त्यांतून फिरताना आम्ही पाहतो, की हमाली करणारे, गटारात उतरणारे आमचे बांधव लाजेपोटी आणि रोजी बुडेल म्हणून ही गाठ वर्षानुवर्षे लुंगीआड दडवतात. घरातली बाई तर बोलतच नाही. मलम, मालीश, पट्टा यांनी ती वाट बुजत नाही. त्यावर उपाय शस्त्रक्रियेचाच. त्यात कमकुवत जागी जाळी बसवतात. धुळे जिल्ह्यातील दोंडाईच्याचे डॉ. टोणगावकर यांनी मच्छरदाणीच्या कापडाची निर्जंतुक केलेली जाळी वापरून हा खर्च कमी करता येतो हे दाखवले. त्यांचा अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला.

गाठ कडक झाली, दुखू लागली, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, वारा किंवा शौच बंद झाले, तर आतडे अडकले आहे असे समजा. गाठ दाबून आत ढकलू नका, खायला-प्यायला देऊ नका, रात्र असली तरी रुग्णालय गाठा. अडकलेले आतडे काही तासांत कुजू लागते.

बंधू-भगिनींनो, जांघ हाही शरीराचाच भाग आहे. डॉक्टरांना दाखवण्यात लाज कसली? आज घरातल्या कष्टकरी माणसाला एवढे जरूर विचारा : खोकताना तिथे काही फुगते का?