सणासुदीचे दिवस आणि पालकांची विश्रांती

दसऱ्यापासून भाऊबीजेपर्यंतचा काळ मुलांच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत आनंदाचा असतो. आईवडिलांच्या दृष्टीने मात्र तोच काळ बहुधा सर्वांत अधिक श्रमाचा ठरतो. साफसफाई, फराळ, खरेदी, पाहुण्यांची सरबराई व मुलांचे हट्ट ही सारी कामे थोड्याच दिवसांत एकत्र येतात. नोकरीच्या वेळा मात्र पूर्वीप्रमाणेच चालू राहतात.

दिल्लीतील पहाडगंज ह्या वस्तीचे उदाहरण घेतले म्हणजे हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. १९११ साली राजधानी दिल्लीस नेण्याची घोषणा झाली आणि १९३१ साली नव्या दिल्लीचे उद्घाटन झाले. पुढे सरकारी नोकरीच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे ह्या शहरात स्थायिक झाली. पहाडगंजमधील नूतन मराठी शाळा ही त्या वास्तव्याची एक खूण होय. नवी दिल्ली रेल्वे स्थानक येथून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे ह्या भागातील घरी पाहुण्यांची ये-जा अधिक असावयाचीच. परंतु गावच्या घरी चकलीचा सोऱ्या हाती घेणारी काकू, अनारशांचे पीठ आधीच करून ठेवणारी आजी आणि मुलांना अंगणात किल्ला करावयास नेणारा काका ही माणसे येथे नसतात. रीत साऱ्या गोतावळ्याची, हात मात्र दोघांचेच, अशी ही स्थिती असते.

एकाकीपणे केलेले पालकत्व अधिक थकविते, ह्यास शास्त्रीय संशोधनाचाही आधार आहे. बेल्जियममधील इसाबेल रोस्काम व मोइरा मिकोलाय्चाक ह्या मानसशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने ४२ देशांतील पालकांचा अभ्यास झाला व तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. व्यक्तिवादी संस्कृतीच्या देशांत पालकांना येणारा कमालीचा थकवा अधिक प्रमाणात आढळतो, असे त्यात दिसून आले.

घरातही हा भार समान वाटला जात नाही. भारत सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीनुसार, बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे, तर ते करणारे पुरुष ८८ मिनिटे देतात. ही सरासरी वर्षभराची आहे. सणाची कामे त्यावर येऊन पडतात.

ह्यावरील उपाय खर्चाचे नाहीत. पहिला उपाय कामांची निवड. फराळाचे दोन पदार्थ घरी करून उरलेले विकत आणले, तर सणाचे पावित्र्य कमी होत नाही. दुसरा उपाय कामांची वाटणी. ती तोंडी न ठेवता कागदावर मांडावी. दहा वर्षांच्या मुलालाही पणत्या पुसणे व पाहुण्यांना पाणी देणे सहज जमते. शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून एकेक पदार्थ वाटून घेतला, तर गोतावळ्याची उणीव काही अंशी भरून निघते. तिसरा उपाय झोप. प्रौढ माणसास रोज किमान सात तासांची झोप आवश्यक असते. ती मोडून केलेल्या कामाची भरपाई चिडचिडीच्या रूपाने मुलांना करावी लागते. चौथा उपाय फिरणे. परंतु दिल्लीत ह्या दिवसांत पहाटेची हवा बहुधा धुरकट असते, म्हणून हवेचे मान पाहून दुपारची वेळ निवडणे हितकर.

ह्या बाबतीत आपली परंपरा विश्रांतीच्या विरोधात नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. अभ्यंगाने श्रम दूर होतात, असे अष्टांगहृदयात सांगितले असून तो नित्य करावा, असा उपदेश आहे. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान हा त्याच आचाराचा सणातील अंश होय. तथापि अनेक घरी घडते ते असे की, पहाटे सर्वांच्या आधी उठून पाणी तापविणारी, सर्वांस तेल-उटणे लावणारी आई स्वतः मात्र शेवटी घाईघाईने दोन तांबे अंगावर घेऊन स्वयंपाकघरात परतते. जो विधी शरीराच्या विसाव्यासाठी सांगितला, तोच तिच्या वाट्यास येत नाही.

ह्या दिवाळीस घरातील कोणीतरी तिला पाटावर बसवावे, तिच्या डोक्यास तेल लावावे आणि तोवर चहाचे आधण दुसऱ्याने ठेवावे. वडिलांच्या थकव्याचीही अशीच विचारपूस व्हावी. मोठ्यांनाही विसावा लागतो, ही गोष्ट उपदेशाने मुलांना कळत नाही. ती घरात घडताना पाहिली म्हणजेच कळते.