कर वाढला की विद्यार्थी काय सोडतात?

प्रश्न : मुलगी पुण्यात वसतिगृहात राहून एम.ए. करते. 'जीएसटी पाच-सहा टक्क्यांनी वाढला तर काय मोठंसं होतं?' असं ती म्हणते. तसं असतं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : वहीपुरतं म्हणाल तर तसंच. वह्यांवरचा १२ टक्के कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला, म्हणून कोणी चार वह्या जास्त भरत नाही. कराचा चिमटा बसतो तो पुढे ढकलता येणाऱ्या खरेदीला. १ एप्रिल २०२० रोजी मोबाइलवरचा कर १२ वरून १८ टक्के झाला. मूळ किंमत १२,००० धरली तर १३,४४० चा फोन १४,१६० ला गेला. नोकरदार कुरकुरत का होईना घेतो. महिन्याच्या बांधलेल्या पैशांत भागवणारा जुन्याचीच बॅटरी बदलतो.

कपड्यांची गंमत वेगळी. आता २,५०० रुपयांपर्यंतच्या नगाला ५ टक्के, त्यावर थेट १८. म्हणजे २,५०० चं जॅकेट २,६२५ ला पडतं आणि २,६०० चं ३,०६८ ला! इथे विद्यार्थी खरेदी सोडत नाहीत, एक पायरी खाली उतरतात.

छापील किमतीत कर धरलेलाच असल्याने तो सहसा जाणवत नाही, एवढंच. मुलीला एकदा बिलाचा खालचा भाग वाचायला सांगा. आणि पुढे खासगी वसतिगृह घ्यायची वेळ आली, तर दरमहा २०,००० रुपयांपर्यंतच्या भाड्यावर, सलग ९० दिवस राहिल्यास, जीएसटी लागत नाही. कोणी लावलाच तर विचारा.