नरड्याचे तुकडे आणि कुत्र्याचा थायरॉइड

कुत्र्याच्या गळ्यात श्वासनळीच्या दोन्ही बाजूंना थायरॉइडच्या ग्रंथी असतात. त्यांचे संप्रेरक रक्तात जास्त झाले की शरीराचे सगळेच काम वाजवीपेक्षा वेगाने चालते. भूक वाढते तरी वजन घटते, तहान आणि लघवी वाढते, छाती धडधडते, कुत्रा एका जागी ठरत नाही. मांजरांत हा आजार नेहमीचा. कुत्र्यांत मात्र थायरॉइड मंदावण्याचेच प्रमाण मोठे, म्हणून वाढलेला थायरॉइड सहसा कोणाच्या मनात येत नाही.

मालवणच्या किनाऱ्यावर ही लक्षणे सहज झाकली जातात. मे महिन्याच्या दमट उकाड्यात सगळीच कुत्री धापा टाकतात आणि बरगड्या दिसू लागल्या की जंत झाले असे ठरते. प्रस्तुत लेखकाच्या घरी सात वर्षांच्या गावठी कुत्र्याबाबत हेच झाले. जंताचे औषध दोनदा पाजले, भात वाढवला. ताटली चाटूनपुसून झाली तरी तो चुलीपाशी येऊन उभा राही आणि रात्रभर ओटीवर येरझाऱ्या घाली. मांडीचे मांस उतरले, पाठीचे मणके हाताला लागू लागले, तेव्हा कुठे दवाखाना गाठला. तीन महिने वाया गेले होते. डॉक्टरांनी आधी गळा चाचपला, मग खाणे विचारले. मटणाच्या दुकानातून फुकट मिळणारी नरडी भातात शिजवून जवळजवळ रोज घातली जात होती.

थायरॉइड नरड्यालाच चिकटलेला असतो आणि तुकडे करताना तो त्यातच राहू शकतो. किनाऱ्यावर संशय आधी मासळीतल्या आयोडीनवर जातो. पण आयोडीन हा कच्चा माल, बकऱ्याच्या थायरॉइडमधले संप्रेरक तयार असते आणि ते पोटातून थेट रक्तात उतरते. शिजवल्यानेही ते नष्ट होत नाही. १९८४-८५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा आणि शेजारच्या राज्यांत गुरांच्या गळ्याचे मांस मिसळलेला खिमा शिजवून खाऊन शंभरावर माणसांचा थायरॉइड असाच वाढला होता. कुत्र्याला चांगलेचुंगले मिळावे म्हणून नरडी आणणाऱ्या घरांनी हे जरूर लक्षात ठेवावे. घशाचा भाग नको, मांसाचे इतर तुकडे चालतील, असे दुकानदाराला सांगितले की पुरते.

दुसरे कारण गोळ्यांचे. मंदावलेल्या थायरॉइडवर दिलेल्या लिव्होथायरॉक्सिनची मात्रा कधी जास्त होते. घरातल्या माणसाची थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली कुत्र्याने फोडून खाल्ली असेल तर लक्षणांची वाट न पाहता दवाखान्यात न्यावे.

तिसरे आणि सर्वांत गंभीर कारण गाठ. कुत्र्याच्या थायरॉइडची हाताला लागणारी गाठ बहुधा कर्करोगाची असते, मात्र त्यांतल्या थोड्याच गाठी जादा संप्रेरक सोडतात. ती दुखत नाही, म्हणून कुत्रा कुरकुरत नाही. उतारवयाच्या कुत्र्याच्या हनुवटीखालून छातीपर्यंत महिन्यातून एकदा बोटे फिरवावीत.

निदान रक्तावर होते: टी-४ हे थायरॉइडचे संप्रेरक वाढलेले, थायरॉइडला चालना देणारे टीएसएच दबलेले. रक्त देताना कुत्रा काय खातो आणि कोणत्या गोळ्या घेतो, ते न विचारताही सांगावे. गाठ लागली तर सोनोग्राफी, सुईने काढलेला नमुना आणि छातीचा एक्स-रे लागतो, कारण हा कर्करोग फुप्फुसांत पसरतो.

खाण्याने वाढलेल्या थायरॉइडला बहुधा औषध लागत नाही. वर सांगितलेल्या कुत्र्याची नरडी बंद केली. सहा आठवड्यांनी टी-४ जागेवर आले आणि रात्रीच्या येरझाऱ्या थांबल्या. गोळ्यांची मात्रा डॉक्टरांनीच कमी करायची. गाठ बोटांखाली सहज हलत असेल तर शस्त्रक्रिया चांगली लागू पडते. आत रुतलेल्या गाठीला किरणोपचार लागतात आणि त्यासाठी मोठे शहर गाठावे लागते. मेथिमाझोल किंवा कार्बिमाझोलने संप्रेरक उतरते, गाठ मात्र तशीच राहते. दोन्ही बाजूंच्या ग्रंथी काढल्या तर शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथीही जाऊ शकतात आणि कॅल्शियम घसरते. अशा कुत्र्याला पहिले काही दिवस थरथर किंवा पेटके दिसताच दवाखान्यात न्यावे. पुढे थायरॉइडची गोळी जन्मभर द्यावी लागते.