गल्ली म्हणजे सडक नव्हे

मूर्तिजापूरच्या माणसाला संथ गाडी ठाऊक आहे आणि वेगवान गाडीही ठाऊक आहे. शकुंतला नावाची लहान आगगाडी इथून एकीकडे अचलपूरला व दुसरीकडे यवतमाळला जात असे. ती अगदी हळू चाले. आता ती बंद आहे. मुंबई-नागपूर मार्गावरच्या गाड्या मात्र वाऱ्यासारख्या जातात.

सडकेचेही तसेच झाले आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या भागात ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा सलग टाकला गेला. त्याला १०५ तास ३३ मिनिटे लागली. गिनीज बुकात त्याची नोंद झाली.

सडक सुधारली, हे चांगलेच झाले. माल लवकर बाजारात जातो. आजारी माणूस लवकर दवाखान्यात पोचतो. पण सडकेवरचा वेग गल्लीत शिरला, म्हणजे काय होते? आज ते पाहू.

वेग गल्लीत का शिरतो?

मोठ्या रस्त्यावर कधी गर्दी होते. कधी रेल्वेचे फाटक लागते. मग गाडीवाला मधली वाट शोधतो. एकाला वाट सापडली, की त्याच्यामागे दहा येतात. आता तर मोबाईलमधला नकाशाही जवळची वाट दाखवतो. तो वेळ वाचवायलाच गल्लीत आलेला असतो. म्हणून तो हळू जात नाही.

पण गल्लीत ओटे असतात. दारात शेळी बांधलेली असते. म्हातारी माणसे काठी टेकत चालतात. लेकरे चेंडूमागे धावतात. सडक जाण्यासाठी असते. गल्ली राहण्यासाठी असते.

ओट्यावरचे हे बोलणे वाचा.

आजी : काऊन रे बापू, एवढ्या जोरात गाडी काऊन चालवून रायला? इथं लेकरं खेळतात ना!

मुलगा : आजी, मले ब्रेक मारता येते. तू भेऊ नको.

आजी : तुले ब्रेक मारता येते बाप्पा, पण गाडी तिथंच थांबते काय?

आजीने नेमका प्रश्न विचारला. त्याचे उत्तर हिशेबाने काढू.

थांबायला किती जागा लागते?

समोर लेकरू दिसले, तरी पाय ब्रेकवर जायला सुमारे १ सेकंद लागतो. तोवर गाडी पुढे जातच असते. ब्रेक लागल्यावरही ती थोडी पुढे जाऊन थांबते.

ताशी ३० किलोमीटर वेग असेल, तर गाडी त्या एका सेकंदात ८ मीटर जाते. ब्रेक लागल्यावर आणखी ६ मीटर जाते. एकूण १४ मीटर.

ताशी ६० किलोमीटर वेग असेल, तर त्या एका सेकंदात १७ मीटर जाते. ब्रेक लागल्यावर आणखी सुमारे २३ मीटर जाते. एकूण ४० मीटर.

हा हिशेब कोरड्या रस्त्याचा व चांगल्या ब्रेकचा आहे. पावसात याहून जास्त जागा लागते.

आता समजा, १४ मीटरवर लेकरू आडवे आले. ३० च्या वेगाची गाडी त्याच्यापाशी थांबते. ६० च्या वेगाची गाडी त्याला धडकते, तेव्हा ब्रेक लागलेलाही नसतो! ती धडक किती मोठी? चार मजली घरावरून खाली पडावे, एवढी.

आणि वाचले किती? गल्ली ३०० मीटर लांब धरा. ३० च्या वेगाने ३६ सेकंद लागतात. ६० च्या वेगाने १८ सेकंद. म्हणजे वाचले फक्त १८ सेकंद.

२०२२ साली भारतात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत १०० पैकी ७१ जण अतिवेगाने मेले, असे सरकारी अहवाल सांगतो.

आपण काय करावे?

पहिले काम मोजण्याचे. गल्लीत ५० मीटर अंतर टेपाने मोजा. दोन्ही टोकांना चुन्याच्या खुणा करा. कडेला उभे राहून घड्याळ पाहा. ते अंतर गाडी ६ सेकंदांत गेली, तर वेग ताशी ३० किलोमीटर. ३ सेकंदांत गेली, तर ६०. तीन दिवस वहीत लिहा : वेळ, गाडीचा प्रकार, लागलेले सेकंद.

दुसरे काम अर्जाचे. शहरात नगर परिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना अर्ज द्या. खेड्यात सरपंचांना द्या आणि ग्रामसभेत विषय मांडा. एक प्रत पोलीस ठाण्यात द्या. अर्ज असा लिहावा :

“आमच्या गल्लीतून बाहेरच्या गाड्या वेगाने जातात. तीन दिवसांची नोंद सोबत जोडली आहे. येथे गतिरोधक व वेगमर्यादेचा फलक लावावा. जड वाहनांना मनाई करावी, ही विनंती.”

खाली घरोघरच्या सह्या घ्या. आता आपल्याला लिहिता येते. अंगठा नको, सही करा. पोच घ्यायला विसरू नका.

तिसरी गोष्ट सावधगिरीची. दगड-माती टाकून स्वतः ब्रेकर करू नका. रात्री तो दिसत नाही. फटफटीवाला पडतो. गरोदर बाईला धक्का बसतो. चांगला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच व ३.७ मीटर रुंद, उतरता असतो. त्यावर पांढरे पट्टे असतात आणि अलीकडे फलक असतो.

चौथी गोष्ट घरातली. गल्लीत जोरात जाणारा नेहमी परकाच असतो काय? कधी तो आपलाच पोरगा असतो. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाने मोटारसायकल चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड व ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली ही दुरुस्ती झाली.

दुसऱ्या देशातली गोष्ट

युरोपात नेदरलँड नावाचा देश आहे. १९७१ साली तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले. “मुलांचे मरण थांबवा” अशी चळवळ उभी राहिली. डेल्फ्ट नावाच्या गावात राहत्या गल्ल्यांची रचनाच बदलली. झाडे लावली, वाट वळणाची केली. गाडीला हळू जाणे भाग पडले. १९७६ साली अशा गल्ल्यांसाठी सरकारने नियम केले. तिथे चालणाऱ्याचा मान आधी, गाडीचा मागून.

ते लोकही आपल्यासारखेच साधे आईबाप होते. त्यांनी मोजले, मागितले आणि मिळेपर्यंत सोडले नाही.

अपघात झालाच, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. मागे हटू नका.

प्रश्न

१. ताशी ६० च्या वेगाची गाडी थांबायला किती जागा लागते?

२. ५० मीटर अंतर ४ सेकंदांत गेलेल्या गाडीचा वेग किती? (उत्तर : ताशी ४५ किलोमीटर)

३. आपल्या गल्लीसाठी चार ओळींचा अर्ज लिहा आणि खाली आपली सही करा.