नेमका कोणता पाय?

ठकी आमच्याकडे नऊ वर्षं आहे. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आमचं घर. तिथल्याच एका ओघळीतून उचलून आणलेलं पिल्लू. आई नक्की गावठी, बापाच्या बाजूला कुठेतरी लॅब्रॅडॉर असावा, खाण्यावरची निष्ठा तरी तेच सांगते. दोन वर्षांपूर्वी गणपती उठले आणि ती लंगडायला लागली. पुढचे सात महिने ती का लंगडते, हे कुणाला सांगता येईना. त्या काळात जे कळलं ते लिहून ठेवते. मी बँकेत नोकरी करते, डॉक्टर नाही. तेव्हा औषधाचं डॉक्टरांना विचारा, माझ्याकडून फक्त चुका घ्या.

१. आधी पाय कोणता ते ठरवा

हे वाचून हसू येईल. आमच्याकडे यावर तीन दिवस भांडण झालं. नवरा म्हणे पुढचा डावा, मी म्हणे मागचा, सासूबाई म्हणत, "चारही दुखत असतील बिचारीचे, फिरवता किती!" शिवाय डावा म्हणजे तिचा डावा की समोरून बघणाऱ्याचा, हा उपवाद.

पाहायची एक रीत आहे, ती मला फार उशिरा कळली. सपाट डांबरी रस्त्यावर कुणाला तरी कुत्रं सैल दोरीने हळू दुडक्या चालीत न्यायला सांगायचं आणि आपण बाजूला उभं राहायचं. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना कुत्रं डोकं वर उचलतं आणि चांगला पाय टेकताना खाली आणतं. मागचा दुखत असेल तर तो टेकताना कंबरेची ती बाजू वर उचकते. ठकीचं डोकं हलत होतं, आम्हाला दिसत होतं, पुढचा डावा टेकला की वर. मी हरले. पुढचा डावा, असं घरात एकमताने ठरलं.

२. डॉक्टरांना दिसलं ते सांगा, ठरवलेलं सांगू नका

आम्ही जाऊन सांगितलं, "डॉक्टर, पुढचा डावा पाय लंगडतोय." त्यांनी पुढचा डावा तपासला. यात त्यांचं काय चुकलं?

आणि गंमत म्हणजे तिथे सापडलंही. दसऱ्याच्या सुमारास गडाच्या उतारावरचं गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. तिकडे फिरायला जाणाऱ्यांच्या सॉक्समधून आठवडाभर निघत राहतात ती. दाण्याच्या टोकाला सुई, सुईवर मागे वळलेले बारीक केस, त्यामुळे पुढे जातं ते परत फिरत नाही. आणि मागची पिळाची शेपटी ओल लागली की स्वतःभोवती वळते, म्हणजे स्क्रूसारखी आणखी आत. ठकीच्या दोन बोटांच्या बेचक्यात मसुराएवढा लाल फोड होता. डॉक्टरांनी केस कापले, फोड दाबला, थेंबभर पू आला आणि त्या भोकातून चिमट्याने ओढून काढलं ते सेंटिमीटरभर लांबीचं, भिजून तपकिरी झालेलं कुसळ. त्यांनी ते कापसावर ठेवून मला दाखवलं. मी त्याचा फोटो काढला. माहेरच्या ग्रुपवर टाकला.

पुढच्या आठवड्यात फोड भरला. लंगडणं तसंच.

मग आतमध्ये आणखी एखादं असेल म्हणून दहा दिवस अँटिबायोटिक. मग एक्स-रे, अर्थात पुढच्या डाव्या पायाचा. स्वच्छ. कुसळ एक्स-रेत दिसत नाहीच, त्यामुळे त्या स्वच्छ फिल्मने आमचा संशय उलट वाढला. एक कारण हाताला लागलं की माणूस दुसरं शोधत नाही. दिवाळी होईपर्यंत आम्ही त्या एका पंजाभोवती फिरत होतो.

३. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे गुन्हेगार सापडला असं नाही

डिसेंबरात गोचीड तापाची तपासणी झाली. आपल्याकडे हा संशय घ्यायलाच हवा. कुत्र्यांवरच्या गोचिडीतून एर्लिकिया नावाचा जंतू रक्तात जातो. ताप येतो, प्लेटलेट उतरतात, आणि काही कुत्र्यांचे सांधे धरतात. आज हा पाय, परवा तो, असं फिरतं लंगडणं दिसलं तर डॉक्टर सगळ्यांत आधी इथेच बघतात. ठकीच्या किटवर रेघ उमटली. प्लेटलेट एक लाख साठ हजार, म्हणजे थोड्या कमीच. डॉक्सिसायक्लिन, अठ्ठावीस दिवस.

(ही गोळी जेवणानंतर द्यायची आणि वर पाणी पाजायचं. घशात अडकून राहिली तर अन्ननलिका भाजते. दुधातून देऊ नये. मी दोन दिवस दुधातूनच दिली.)

आणि लंगडणं कमी झालं! पंधरा दिवसांत निम्म्यावर आलं. आता इथे एक तपशील मी सोयीस्करपणे विसरले होते. त्याच पंधरवड्यात नवरा ट्रेनिंगला मुंबईला होता, मला थंडीत पहाटे उठवत नव्हतं, म्हणून गडावरचं फिरणं बंद होतं. ठकी अंगणात ऊन खात पडून होती. नवरा परत आला, फिरणं सुरू झालं, आठ दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. विश्रांतीचं श्रेय आम्ही गोळीला देऊन मोकळे झालो होतो. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की त्या किटची रेघ रक्तातल्या प्रतिपिंडांची असते, आणि ती जुना ताप बरा होऊन गेल्यावरही बराच काळ उमटत राहते. ठकीला गोचीड ताप त्या वेळी होता का आधी कधीतरी होऊन गेला होता, ते काही सांगता येत नाही. उपचार केले ते बरंच झालं. पण ती लंगडत होती त्यामुळे नव्हे.

४. तारीख लिहा

छोटी वही. कधी लंगडली, झोपून उठल्यावर की फिरून आल्यावर, त्या दिवशी किती चालली, कोणतं औषध सुरू होतं. बस. ही वही मी जानेवारीत सुरू केली. सप्टेंबरात केली असती तर वर लिहिलेली फजिती झाली नसती.

५. घरातल्या डब्यातली गोळी नाही म्हणजे नाही

शेजारचे तात्या आयुष्यभर म्हशी सांभाळलेला माणूस. "काय न्हाय ओ वहिनी, मुका मार हाय. माणसाची दुखायची गोळी अर्धी द्या, चार दिसांत पळंल बघा." सासूबाईंच्या गुडघेदुखीच्या गोळ्या फ्रिजवरच असतात. माझा हात तिथपर्यंत गेला होता, हे कबूल करते.

आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटात व्रण पाडतं आणि मूत्रपिंडं बिघडवतं. माणसाला चालणारं प्रमाण त्याला चालत नाही. पॅरासिटामॉलही आपल्या मनाने नाही. डायक्लोफेनॅकची गोष्ट तर सगळ्या देशाला ठाऊक हवी: ते टोचलेली गुरं मेली की त्यांचं मांस खाऊन गिधाडं मरायची, म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. लोक माणसांच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरायला लागले, तेव्हा २०१५ साली त्या बाटलीचा आकारही तीन मिलिलिटरवर आणला. गुरांसाठी बदली म्हणून जे मेलॉक्सिकॅम पुढे आलं, तेच ठकीला मिळालं. वजनावर मोजून, पोट भरल्यावर, आणि उलटी किंवा काळी शी झाली तर लगेच बंद, अशा अटींवर. तात्यांना मी हे सगळं सांगितलं. गिधाडांपाशी ते जरा गप्प झाले. त्यांच्या लहानपणी मेलेलं ढोर ओढून नेलं की तासाभरात आभाळ भरायचं म्हणे.

आणि एक. दुखणं थांबलं की कुत्र्याला वाटतं पाय बरा झाला. ठकीने गोळीच्या तिसऱ्या दिवशी मांजरामागे कंपाउंडवरून उडी मारली.

६. दवाखान्यात कुत्रं लंगडत नाही

घरी लंगडत चालणारी ही बया दवाखान्याच्या पायऱ्या चढली की पोलीस भरतीला आल्यासारखी चालायची. भीती, नवे वास, शेजारच्या बाकावर पिंजऱ्यातलं मांजर. अशा वेळी दुखणं मागे पडतं. डॉक्टर म्हणायचे, "चांगली तर चालतेय." मला खोटं पडल्यासारखं व्हायचं.

व्हिडिओने हे सुटलं, तेही अपघाताने. दिवाळीत भाचीने फटाक्यांना घाबरून घराकडे निघालेल्या ठकीची स्लो मोशनमध्ये रील काढली होती. मार्चमध्ये सहज बघताना नवरा म्हणाला, "थांब, मागे घे." स्लो मोशनमध्ये स्पष्ट दिसत होतं: डोकं खाली जातं तेव्हा पुढचा उजवा जमिनीवर असतोच, पण त्याच क्षणी मागचा डावाही टेकतो. आणि तो टेकताना कंबर डावीकडून उचकते. दुखऱ्या मागच्या पायावरचं वजन पुढे ढकलायला ती डोकं झुकवत होती. दुडक्या चालीत तिरपे पाय जोडीने पडतात, म्हणून आम्हाला ते पुढच्या डाव्याचं दुखणं वाटलं. पुढचा पाय निर्दोष होता. कुसळ होतं, पण ते साधं कुसळ होतं.

मी पहिल्या दिवशी मागचा म्हटलं होतं. हे मी त्या संध्याकाळी एकदाच बोलले. (नवरा म्हणेल चारदा.)

७. शिंप्याची टेप

सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन दोन्ही मांड्यांचा घेर मोजला, वर जिथे मांडी पोटाला मिळते तिथे. उजवी चौतीस, डावी बत्तीस सेंटिमीटर. वापरला नाही की पाय वाळतो. केसांमुळे डोळ्यांना दिसत नाही. मग नखं पाहिली. मागच्या डाव्या पायाची लांब, कारण ती जमिनीवर घासलीच जात नव्हती. मग तिचं बसणं. कुत्रं नीट बसतं तेव्हा दोन्ही गुडघे घडी घालून पोटाशी येतात. ठकी डावा पाय बाहेर टाकून बसत होती, ओट्यावर बसलेल्या म्हातारीसारखी. किती महिने? माझ्याकडे तिचे शेकड्यांनी फोटो आहेत. मागे मागे जात पाहिलं. जूनमध्येही पाय बाहेर आहे. म्हणजे लंगडायच्या तीन महिने आधीपासून.

आमच्या डॉक्टरांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी गुडघ्याच्या आतल्या बाजूने बोटं फिरवली आणि माझा अंगठा तिथे ठेवला. डाव्या गुडघ्यावर सुपारी बसवल्यासारखा कडक उंचवटा, उजवीकडे काही नाही. त्यांनीच पुण्याच्या सर्जनकडे चिठ्ठी दिली. तिथे आधी जागेपणी गुडघा हलवून बघितला तर काही कळेना, कारण ती मांडी आवळून धरत होती. भुलीचं इंजेक्शन देऊन पुन्हा धरला, तेव्हा टेबलाचा खण थोडा ओढावा तसं नडगीचं हाड पुढे सरकलं. गुडघ्यातला लिगामेंट अर्धवट तुटलेला. एक्स-रेत तो दिसत नाही. दिसतं ते सांध्यात साठलेलं पाणी आणि झिजेच्या कडा.

येताना खंबाटकीच्या वळणांत ती दोनदा ओकली. बाकी प्रवास चांगला झाला.

८. "कधी लागलं?" हा प्रश्न सोडून द्या

प्रत्येकाने विचारलं. आम्हीही एकमेकांना विचारत होतो, आणि त्यात आरोप असायचा: तू त्या दिवशी बॉल टाकलास, तू जिन्यावरून पळवलंस. खेळाडूचा लिगामेंट एका झटक्यात तुटतो. कुत्र्याचा बहुतेक वेळा दोरखंडासारखा धागा धागा झिजत जातो. त्याच्या नडगीचा माथा मागे उतरता असतो, दर पावलाला वरचं हाड त्या उतारावरून घसरू बघतं आणि हा लिगामेंट ते धरून ठेवतो. वजन जास्त असेल तर ओढ जास्त. ठकी सव्वीस किलो होती. वीस हवी होती.

हा आरोप मात्र सगळ्यांवर सारखा लागू झाला. सकाळी सासूबाईंची चतकोर पोळी, मुलाचं मारी बिस्कीट, नवऱ्याच्या चहातलं खारीचं टोक, माझा वरणभात. प्रत्येकाला वाटे, मी एकटाच देतो. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. तिच्या शोधाव्या लागत.

९. ऑपरेशन सोपं, नंतरचे दोन महिने अवघड

सर्जननी नडगीचा माथा गोल कापला, उतार सपाट होईल इतका फिरवला आणि पट्टी-स्क्रूने बसवला. ती आठ आठवडे शी-शूपुरती दोरीने बाहेर. उडी नाही, जिना नाही, फरशीवर घसरणं नाही. घरभर सतरंज्या आणि रबरी पायपुसण्या अंथरल्या, दिवाण उभा करून भिंतीला टेकवला. गळ्यातलं प्लास्टिकचं नरसाळं घेऊन ती रात्री दारांना धडकायची. सासूबाई तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसायच्या, दोघी आपापले गुडघे सांभाळत. पोळी मात्र बंद. एकदा पदराखाली सापडली, पण ते असो.

आठव्या आठवड्यात हाड जुळलं. दिवाळीला डावी मांडी साडेतेहतीस आणि वजन एकवीसवर आलं. ती आता गडाच्या पहिल्या वळणापर्यंत जाते, तिथून परत.

सर्जननी तेव्हाच बजावलं होतं की एक गुडघा गेलेल्या बऱ्याच कुत्र्यांचा पुढे दुसराही जातो. परवा संध्याकाळी कुकरची शिट्टी झाली तशी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसली. डावा पाय पोटाशी नीट घडी घातलेला. उजवा जरासा बाहेर. मी गॅस बारीक केला, फोन काढून फोटो घेतला आणि वहीत तारीख घातली.